दार ते दार

अप्पा, तुम्ही गेल्यावर मी जे काम धरलं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून आधी तेच सांगते. हुबळीला, विद्यानगरच्या घरात तुमच्या खाटेच्या जागी आता माझं टेबल आहे. त्यावर दोन कॉम्प्युटर, एक फोन आणि तुमची ती पितळी कडेची पट्टी. ज्यांच्याकडे स्वतःचं छोटं विमान आहे अशी माणसं मला फोन करतात आणि विचारतात, बेंगळूरला जायचंय, कुठं उतरू म्हणजे परवडेल? मी त्यांना विमानतळ निवडून देते. तुम्ही हसला असता. विमान परवडतं आणि ते उतरवायला परवडत नाही, असली कसली माणसं गं तुझी, म्हणाला असता. पण खरंच तसं आहे, आणि त्यावर माझं घर चालतं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि आपली ती दहा मिनिटं पुन्हा डोक्यात बसली, म्हणून त्या मिनिटांबद्दलच लिहायला बसले आहे.

माझं काम ऐकायला सोपं वाटतं. मोठा विमानतळ शहराबाहेर लांब आहे. तिथं चार माणसांच्या विमानाला उतरण्याचं भाडं फारसं पडत नाही, मार बसतो तो बाकीच्याचा. उतरायची वेळ आधी मागून घ्यायची. दार शंभर पावलांवर दिसत असलं तरी आपल्या पायांनी चालत जायचं नाही, त्यासाठी एजन्सी नेमायची, तिची गाडी येणार, तिचा माणूस येणार, आणि विमान उभं राहील तितके तास पैसे वाढत जाणार. शहरातला जुना विमानतळ सोयीचा, पण तिथल्या परवानग्या वेगळ्या आणि वेळा त्यांच्या सोयीच्या. तिसरी जागा म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं मैदान. धावपट्टी आखूड, सूर्य मावळायच्या आत उतरलंच पाहिजे, आधी फोन करून विचारलं पाहिजे, मात्र एकदा उतरलं की फाटकाबाहेर रिक्षा उभी असते. शिवाय छोट्या विमानाचं पेट्रोल सगळीकडे मिळत नाही, परतीचं इथूनच भरून न्यावं लागतं, आणि जास्त पेट्रोल म्हणजे कमी सामान. हे सगळं बघून झालं की मी विचारते, तुम्हाला जायचंय कुणाच्या घरी, आणि किती वाजता? पुष्कळ जण चिडतात. विमानतळ विचारला तर ही बाई पाहुण्यांचा पत्ता का विचारते? मी चिडू देते. हा प्रश्न माझा नाही, तुमचा आहे, हे त्यांना काय माहीत.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचे, आणि रद्द झालेले नकाशे घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर पसरायचे. आपल्या घरात तांदळाच्या डब्याखाली नदी असायची आणि मिठाच्या बरणीखाली कुणाचं तरी गाव. एका सुट्टीच्या दिवशी आई भाकरी थापत होती आणि तुम्ही जमिनीवर हुबळी-धारवाडचा नकाशा उलगडून मला म्हणालात, आजीचं घर किती लांब ते सांग. मी पट्टी घेतली, हुबळी स्टेशनवर शून्य ठेवला, धारवाड स्टेशनापर्यंत सरळ मोजलं आणि ऐटीत आकडा सांगितला. तुम्ही पट्टी काढून घेतलीत. "आजी स्टेशनात राहते काय गं?" म्हणालात. आई भाकरी थापता थापता हसायला लागली, आणि मला रडू आलं. मग तुम्ही आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा आणलात, आणि आपल्या दारापासून रस्त्याच्या प्रत्येक वळणावर बोट दाबत, रायापूर ओलांडून, आजीच्या गल्लीपर्यंत तो लावायला लावलात. दोरा पट्टीवर ताणून धरला तर आकडा चांगला वाढला होता. "दार ते दार मोजायचं," तुम्ही म्हणालात, "मधली स्टेशनं मोजून काय उपयोग?" ते बोलणं मला त्या वेळी लागलं होतं. आता त्यावर पोट भरते.

आता तो दिवस. मी अठरा वर्षांची आहे. वैमानिकाच्या शिक्षणासाठी एक शिष्यवृत्ती आहे, तिची परीक्षा बेंगळूरला आहे, आणि ती मिळाली नाही तर आपल्यासारख्या घरातल्या मुलीनं विमानाकडे खालूनच बघायचं, हे आपल्या दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. गाडी सकाळी पोचते. सगळे मोठ्या स्टेशनपर्यंत जातात, तुम्ही मला आधीच यशवंतपूरला उतरवता. तिथून आत्याचं घर जवळ, आत्याच्या घरापासून परीक्षेची जागा जवळ, तुम्ही शहराच्या नकाशावर आठवडाभर दोरा लावून बघितलेलं आहे. आत्याकडे आंघोळ होते, उप्पीट होतं. नऊ वाजत आलेले असतात, निघताना आत्या म्हणते, "अण्णा, रिक्षा करून जावा की. पोरीची परीक्षा आहे." तुम्ही चपला घालता घालता म्हणता, "कशाला? पस्तीस मिनिटांची वाट. मोजून बघितलोय मी." मग माझ्याकडे वळून विचारता, "किती वाजता म्हणालीस गं?" मी म्हणते, "साडेनऊ."

रस्ता पाइप घालायला खणलेला होता, आणि ते तुमच्या नकाशात नव्हतं. आपण दोन गल्ल्या फिरून आलो. फाटकाशी पोचलो तेव्हा तुमच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते आणि फाटक बंद होतं. आतला वॉचमन मान वर न करता म्हणाला, "टाइम मुगीतु." वेळ संपली. तुम्ही छत्री काखेत मारून, गजांना दोन्ही हातांनी धरून, त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागलात. "हत्तु निमिष अष्टे, सर. दहाच मिनिटं." वॉचमनला तुम्ही सर म्हणत होता. ऑफिसात साहेबालासुद्धा तुम्ही नुसतं रावसाहेब म्हणायचे. तो पुन्हा मुगीतु म्हणाला आणि आत निघून गेला. तुम्ही फाटकाशी उभे होता तेवढ्यात मी पिशवीतून बोलावण्याचं पत्र काढून वाचलं आणि परत घडी घालून ठेवलं. तुम्ही वळलात, माझ्याकडे न बघता म्हणालात, "माझं चुकलं, बाळ. रिक्षा करायला पाहिजे होती." मी काही बोलले नाही. मला रडू येत होतं हे खरं, पण मी बोलले नाही त्याचं कारण रडू नव्हतं.

पुढच्या वर्षी ती योजनाच बंद झाली. मी धारवाडला बीएस्सी केलं, तिकिटं काढून देणाऱ्या एका ऑफिसात लागले, आणि आपल्या घरात ती गोष्ट चेष्टेची झाली. अप्पांनी रिक्षा वाचवली आणि पोरीचं विमान घालवलं, असं आई पाहुण्यांना सांगायची, पाहुणे हसायचे, तुम्हीही हसायचे. तुमच्याकडे बघत मीही हसायचे, आणि मनातून तुमच्यावर खरोखर चिडलेली असायचे. हे कसं जमलं मला ठाऊक नाही, पण जमलं. गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की मलाही ती पटली. तुम्ही मात्र त्यानंतर कधी यशवंतपूरला उतरला नाहीत. आत्याचं घर तिथंच होतं, आणि तुम्ही मोठ्या स्टेशनपर्यंत जाऊन, उलटे फिरून तिच्याकडे यायचे. ती विचारायची, "अण्णा, हे कसलं उलटं?" तुम्ही म्हणायचे, "असू दे." रिटायर झालात त्या संध्याकाळी हार गळ्यात असतानाच तुम्ही पट्टी माझ्या हातात दिलीत. "ठेव तुझ्याकडं. माझं मोजलेलं काही खरं नाही." मी थट्टा समजून घेतली. थट्टा नव्हती, हे त्याच वेळी कळलं होतं.

आणि शेवटची फेरी. तुम्हाला बेंगळूरच्या हॉस्पिटलात दाखवायला नेत होते. हॉस्पिटल यशवंतपूरपासून जवळ होतं, मी तिथंच उतरायची तयारी केली होती, बॅगा दाराशी आणल्या होत्या. तुम्ही बर्थवरून उठला नाहीत. धाप लागलेली असतानाही म्हणालात, "मोठ्या स्टेशनलाच जाऊया. माझ्यापायी तुला परत उशीर नको." गाडी सुटली. मोठ्या स्टेशनबाहेरच्या गर्दीत आपण टॅक्सीत बसून जिथून आलो तिथं परत निघालो, आणि दीड तास तुम्ही खिडकीला टेकून एकेक श्वास घेत होता. माझ्या मांडीवर तुमचा हात होता. तेवढ्या वेळात मी दहा वेळा सांगू शकले असते. डॉक्टरांना काय काय विचारायचं याची यादी मी मनात करत बसले.

आता तो फोन. माझं एक गिऱ्हाईक आहे, हुबळीचे जुने सर्जन, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणतात. एका मित्राबरोबर भागीत त्यांनी चार माणसांचं विमान घेतलंय. मुलीच्या मुलीचं बारसं होतं बेंगळूरला, मुहूर्त साडेअकराचा. विमानतळ स्वस्तातला बघा म्हणाले. मी पत्ता विचारला, नकाशा उघडला आणि सवयीनं तुमची पट्टी पडद्याला लावली. मोठ्या विमानतळावरून रस्त्यानंच सव्वा तास, शिवाय एजन्सीची सगळी मिरवणूक. शिकाऊ मैदानावरून घर पंचवीस मिनिटांवर. धावपट्टी त्यांच्या विमानाला पुरत होती, मैदानाला फोन करून मी परवानगी घेतली, परतीचं पेट्रोल इथं भरायला लावलं. "साडेआठला चाकं उचलली पाहिजेत, मग अकराच्या आत दाराशी," असं कागदावर सगळ्यात वर लिहून दिलं. सर्जन पोचले बारा वाजता. बाळाचं नाव ठेवून झालं होतं, आजोबांची जागा रिकामी ठेवून.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी बोलणी खायची तयारी करून बसले होते. ते म्हणाले, "अक्का, आधी ऐकून घ्या. मी इथून निघालोच तासभर उशिरा. चांदीची वाटी घरी राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेलतो. तुमची जागा बरोबर होती, तुमचा टाइमही बरोबर होता." मी म्हटलं, असू द्या. ते म्हणाले, "असू द्या कसं? तिथं सगळे हसायलेत, आजोबा स्वस्ताच्या नादानं कुठल्या तरी मैदानात उतरले म्हणून. मी हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, मैदानाला नावं ठेवू नका, उशीर माझा आहे. तुमच्या कानावर उगाच काही जायला नको म्हणून फोन केला." एवढं सांगून त्यांनी पुढच्या महिन्याच्या कोइमतूरच्या फेरीचं विचारलं. मी पत्ता विचारला, वेळ विचारली, लिहून घेतली. फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. नातीचं नाव ठेवायचा क्षण हुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन करून मोकळा झाला होता.

ते पत्र अजून आहे, अप्पा. त्या शहराच्या नकाशाच्या घडीत, तुमचा दोरा आहे तिथंच. त्यावर दोन ओळी आहेत. हजेरी सकाळी नऊ, नऊनंतर प्रवेश नाही. पेपर साडेनऊ. मी घरी फक्त खालची ओळ वाचली होती, आणि फाटकाशी उभी राहून वरची वाचली. तुम्ही रिक्षा केली असती, रस्ता खणलेला नसता, पस्तीस मिनिटं पुरती पस्तीस भरली असती, तरी फाटक बंदच असतं. आपण चाळीस मिनिटं उशिरा पोचलो होतो. तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत आणि मी ती घेऊ दिली, कारण त्या क्षणी ते सोपं होतं, आणि नंतर रोज थोडं अवघड होत गेलं. यशवंतपूर बरोबर होतं. तुम्ही जायच्या आधी हे तुम्हाला कळायला हवं होतं.

आई शहाऐंशीची झाली आहे. परवा कुणी आलं होतं तर तिनं रिक्षेची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि मी चहा देता देता हसले. निदान तिला तरी सांगता येईल, असं हे लिहिताना सारखं मनात येतंय. आत्ताच तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "एवढं काय लिहायलीस गं, कुणाला?" मी म्हटलं, "काही नाही, कामाचं आहे."