फाटक रुंद केलंय

लातूर,
८ मे १९८३

प्रिय गुरुलिंग,

तुझं पत्र संक्रांतीच्या सुमारास आलं आणि मी मे महिन्यात उत्तराला बसलो आहे. माफ कर. शाळेच्या कामात वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण रोजची डायरी लिहायला मला वेळ मिळत होता, तेव्हा ते खरं नाही.

घरी सगळे बरे आहेत. अव्वाचे गुडघे तसेच. गेल्या वर्षीच्या पावसाने दगा दिला आणि आता गल्लीत टँकर दिवसाआड येतो. तुझी पार्वती आणि तुझी वहिनी घागरी घेऊन रांगेत असतात. जिल्हा झाल्यापासून गावात जीपगाड्या इतक्या वाढल्यात की रस्त्यावरची धूळ खाली बसत नाही. कोण कुणाच्या गाडीतून उतरलं यावरून माणसाची पत ठरते. याची मी शिक्षकांच्या खोलीत थट्टा करायचो. तीच गोष्ट माझ्या घरात, माझ्याच तोंडून शिरली.

माझ्या जगदेवीच्या सुपारीला तू नव्हतास. तिचं स्थळ उदगीरच्या मडिवाळप्पांचं, त्यांचं कापडाचं दुकान. मुलगा चंद्रप्पा डॉक्टर, नुकताच दवाखाना टाकलेला. हुंड्याचं नावही त्यांनी काढलं नाही. मला त्याचं फार बरं वाटलं आणि त्याच भरात मी सांगून बसलो की आमच्या गुरुलिंगने मस्कतला मोटार घेतली आहे. कामाची जागा गावापासून लांब, बस नाही, म्हणून तू नाइलाजाने जुनी जपानी गाडी घेतलीस, एवढं काही मी सांगितलं नाही. मुलाच्या मामांनी विचारलं, "मग येताना आणतील की गाडी." मला ठाऊक होतं. तूच लिहिलं होतंस की मुंबईच्या गोदीवर जी जकात भरावी लागते ती गाडीच्या किमतीहून जड, आपल्या आवाक्यातली नाही. माझ्या हातात सुपारीचं तबक होतं. मी ते पुढे केलं. कुणीतरी म्हणालं, तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं असतंय म्हणे. मामा म्हणाले, "असू द्या की, आमचा डॉक्टर डावराच हाय." सगळे हसले. मीही हसलो. खेड्यातून बोलावणं आलं की डॉक्टरला लई कामाला येईल, असं मडिवाळप्पा म्हणाले आणि सुपारी फुटली. त्या दिवशी डायरीत मी लिहिलं, 'मी होय म्हटलेलं नाही.' खाली रेघही ओढली. ज्याला असं वाक्य लिहून ठेवावं लागतं, त्याला आपण काय केलं ते चांगलं कळलेलं असतं.

मग मुखेडचे अमृतराव मस्कतहून सुट्टीवर आले, त्यांनी ही गोष्ट पार्वतीच्या माहेरी ऐकली आणि परत जाऊन तुला सांगितली. त्यावर तुझं पत्र. 'अण्णा, तू शब्द दिला असशील तर तो मी खाली पडू देणार नाही. करार आणखी दोन वर्षांनी वाढवतो, म्हणजे जकातीपुरतं साठेल. जूनच्या आत सही करावी लागेल. तू नको म्हणालास तर करत नाही. पार्वतीला तू समजावून सांग, मला लिहवत नाही.'

एक शब्द लिहायचा होता. मी तो लिहिला नाही. माझी समजूत अशी की मी गप्प राहिलो आणि तू सही केलीस, तर ती तुझी मर्जी झाली. जगदेवीचं लग्न होईल, गाडी येईल आणि मी कुणाला काहीच मागितलेलं नसेल. पार्वतीला तर मी काहीच सांगितलं नाही. तू श्रावणात येणार असं ती धरून चालली आहे. "यांच्या पत्रात यायचं काहीच कसं नसतंय, अण्णांना काही लिहिलं का?" असं ती दाराआडून वहिनीला विचारायची आणि मी वर्तमानपत्राचं पान उलटायचो.

परवा उदगीरला गेलो होतो. चाऱ्याअभावी मडिवाळप्पांनी बैलजोडी विकली आहे. रिकामा गोठा झाडून, सारवून ठेवलाय आणि समोरची भिंत फोडून गवंडी काम करत होता. सिमेंट कालवायला पाणी विकत आणलेलं. मडिवाळप्पा हात धरून घेऊन गेले. "मास्तर, बघा, फाटक रुंद केलंय. तुमच्या भावाची गाडी, खरचटायला नको." तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "छान झालंय."

एसटीत बसल्यावर माझी मलाच इतकी शिसारी आली की काल संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगून टाकलं. अव्वा म्हणाली, "हे मी तुला शिकवलेलं न्हाई. कॉलेजात शिकवलं का हे?" जगदेवी आधी रडली, मग म्हणाली, "काकूचा नवरा गहाण टाकून मला गाडीत बसायचं न्हाई, अप्पा. उदगीरला तुम्ही सांगता का मी सांगू?" आणि पार्वती, जी इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी उभी राहिली नाही, ती दाराआडून बाहेर आली. तिने एवढंच विचारलं, "सही झाली का?"

मला माहीत नाही, म्हणालो. ती घागर उचलून बाहेर गेली. काल टँकरचा दिवस नव्हता.

म्हणून हे पत्र. सही करू नकोस. केली असशील, तर मागे घेता येते का ते तिथल्या साहेबाला विचार. भावाने चुकीचं कळवलं होतं असं माझ्या नावावर सांग. गाडी तिथेच विकून टाक आणि श्रावणात ये. उदगीरला मी जाऊन सांगेन. त्यांनी लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे मोडेल. तुझा शब्द त्यात कधी नव्हताच. पार्वतीने मला अजून काही म्हटलेलं नाही. आज सकाळी तिने नेहमीसारखा माझा चहा ठेवला आणि मला तो घेता आला नाही. हे पत्र पोचायला पंधरा दिवस तरी जातील आणि तोवर जून दारात आलेला असेल.

तुझाच,
अण्णा

डायरी, ८ मे. उद्या तारऑफिस उघडताच गुरुलिंगला तार, 'सही करू नको.'