तुटल्या कानाचा कप

११ मार्च
आठ दिवस वही उघडली न्हाई. लिहायचं तेच टाळून राहिलो. टाकतो लिहून — कपाचा एक कान तुटला.

फिरता कप. मागच्या साली कुरुंद्याला कबड्डीत आमी जिंकला. वर्षभर कॅप्टनच्या घरी ठेवायचा, पुढच्या सामन्याला जसा नेला तसाच आणून द्यायचा. न्हाई तर टीम बाद! कॅप्टन मी. अन् आमचं घर मेंढरामागं फिरतं, म्हणून कपबी घोड्यावर फिरला.

आधी तो तांड्याच्या टीमच्या कॅप्टनकडं, धर्मसिंगकडं व्हता. हरल्यावर सगळ्यांसमोर म्हणला, "घोड्याच्या पाठीवर संसार तुमचा. कप ठेवणार कुठं?"
अजून सलतं.

१२ मार्च
हट्ट्याजवळ मुक्काम. हरभरा निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली. पाय भरून आले.

झालं असं — तांब्या सापडंना म्हणून मायनं कपातच बकरीचं दूध काढलं, आई मेलेल्या कोकरासाठी. बकरीनं लाथ मारली, कप दगडावर! मी वरडलो तर माय म्हणे, "कपच हाय न्हवं? लोक च्या पितेत, म्या दूध काढलं. काय बिघडलं?"
तुटला कान उचलून खिशात टाकला.

१३ मार्च
हट्ट्यात वेल्डिंगवाला म्हणला, "पत्रा पातळ हाय. भोक पडंल."

हॉटेलात बसलो. "एक कप" म्हणलं तर कागदाचा घोटभर आला. पिऊन चुरगाळायचा — तोबी कपच. लग्नातला आइस्क्रीमचा कप तर शेळ्या चाटतात. अन् टीव्हीवर वर्ल्ड कपची जुनी मॅच! त्या कपात कोणी च्या पीत न्हाई, तरी मोठाले गडी रडून राहिले. बघता बघता दुपार गेली. कान खिशातच.

१४ मार्च
परवा सामने. टीमच्या पोरांचे फोन उचलले न्हाई. सामना सोडून कळमनुरीकडं निघून जावं वाटतं. माय म्हणे, "जा. पण कोकरू पाजून जा." पाजलं. कपातूनच. दुसऱ्या भांड्याला तोंड लावत न्हाई ते आता.

१५ मार्च, सकाळ
धर्मसिंग आला! मोटरसायकलवर, एकटाच. मायनं कुणाकडून तरी त्याला फोन करवला. म्हणली — "आधी त्याच्याच घरी व्हता न्हवं? त्याला ठावं असंल."

हसला न्हाई. माझं बोट धरून दुसऱ्या, धड कानाखाली लावलं. जाड सांधा! आधीच कधी जोडलेला.
"भिंतीच्या घरातबी पडतो, यार."
एमसीलची पुडी घेऊन आलाय. मळून राहिला.