साटवलीकरांचं पत्र कोण वाचणार

१० फेब्रुवारी, रियाध

ठरलं! मराठी दिनाच्या कार्यक्रमात साटवलीकरांचं पत्र वाचायचं. मंडळाच्या किशोरीताईंना फोनवर वाचून दाखवलं. "अगं, हा तर खजिना आहे!" मग म्हणाल्या, "मेहनाज, तुझं मराठी किती शुद्ध गं. वाटतच नाही!" काय वाटत नाही, ते मी विचारलं नाही. दापोलीत जन्मले, अब्बा मराठी शाळेत मास्तर. आता काय मराठीचा इकामा, रहिवासाचं कार्ड, दाखवू?

पत्र अब्बांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेलं. दीडशे वर्षांपूर्वीचे हे साटवलीकर, आमच्याच कोकणातले, दुर्बीण लावून ग्रहांची गणितं मांडणारे. मुंबईच्या शिक्षणखात्यातल्या साहेबाशी आयुष्यभर पत्रांतून भांडले. साहेबाचं म्हणणं, ग्रहणाचं गणित देशी भाषेत मावायचं नाही, आणि गावच्या पोरांच्या डोक्यात तर मुळीच शिरायचं नाही. त्यावर साटवलीकर लिहितात — 'मी कंदील, नारळ व सुपारी घेऊन ग्रहण शिकविले. मुलांस कळले. साहेब मुंबईत बसून कळणार नाही म्हणतात. एकवार मुलांस विचारून तर पाहावे.'

हे माझ्या अफनानने वाचायला हवं. नववीत आहे, आवाज थेट अब्बांचा, खणखणीत. आजोबांचं काहीतरी तिच्या तोंडून निघालेलं एकदा ऐकायचंय मला. बस्स, एवढंच.

१३ फेब्रुवारी

पत्र सानिका वाचणार. किशोरीताईंची मुलगी! कारण काय, तर "स्टेजवर नऊवारी, नथ... बरं दिसतं ना गं." नथ बत्ह्याच्या बाजारातून आणूनसुद्धा झाली. आणि अफनानकडे सूत्रसंचालन — इंग्रजीत. मराठी दिनाचं! "नाहीतर मुलं कंटाळतात."

मी 'बरं' म्हणाले. जीभ झडली होती का माझी?

१४ फेब्रुवारी

अफनानला सांगितलं. तिने कानातला इअरफोन काढलासुद्धा नाही. "इट्स फाइन, अम्मी. चिल." भांडली असती तरी बरं वाटलं असतं. सहावीत हिंदी सोडून फ्रेंच घेतलं, तेव्हाच अक्षरं गेली असणार हिची.

सिराजुद्दीन गोदामातून, पार सुलैहून, दमून आला. म्हणाला, "तिला मराठी लागतेय कुठे इथे? कशाला डोक्याला ताप? जेवायला वाढ."

वाढलं.

१९ फेब्रुवारी

आज तर कहरच. किशोरीताईंचा मेसेज — पत्र इंग्रजी अक्षरांत लिहून पाठव, सानिकाला देवनागरी जड जाते. आणि कंदील-नारळाचा भाग काढ, लांबतंय.

देशी भाषेसाठी जन्मभर भांडलेल्या माणसाचं पत्र मी एबीसीडीत उतरवून दिलं. स्वतःच्या हाताने! साहेब जिंकला, साटवलीकर. दीडशे वर्षं उशिरा, पण जिंकला. आणि शिपाई म्हणून मी हजर होते.

२१ फेब्रुवारी

या वहीत काय वाटेल ते लिहावं, घरात वाचणारं कोणी नाही. सिराज उर्दू शाळेतला, आणि अफनानला ही अक्षरं म्हणजे गालिच्यावरची नक्षी. तर लिहूनच टाकते. पोर मला परकी वाटते. मी काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, आणि मी हॉटेलात बसल्यासारखी मान हलवते. हिच्यावर मेहनत वाया गेली. वाया!

२७ फेब्रुवारी

झाला कार्यक्रम. मलाझच्या हॉलमध्ये फेटे, वडापाव, सेल्फी. अफनानने माइकवरून सांगितलं, "अ लेटर बाय अ ग्रेट ॲस्ट्रॉनॉमर." मग सानिका आली. गोड दिसत होती, तिचा काय दोष! चौथ्याच ओळीला अडकली. आईकडे बघितलं, हसली, दोन ओळी गाळून पुढे गेली. टाळ्या पडल्या. अफनान तेव्हा विंगेत उभी होती, ओठ हलत होते. पुढची अनाउन्समेंट घोकत असावी.

पडद्यावर आलं — संकलन: किशोरीताई. अब्बांचं नाव नाही. माझं नाही ते ठीक, पण अब्बांचं? ते असते तर हसून सोडून दिलं असतं. मला नाही येत तसं हसायला.

घरी येताना गाडीत अफनान म्हणाली, "अम्मी, ॲक्चुअली..." मी म्हटलं, "आता काही बोलू नकोस."

२८ फेब्रुवारी

चांद दिसला. उद्या पहिला रोजा. अम्माचा दापोलीहून फोन — "आमच्याकडं नाय दिसला गो. आमचो रोजो परवा." दरवर्षी हे असंच. तिचा आणि माझा चांदसुद्धा एक नाही.

मग विचारलं, "पोरीनं वाचलान काय अब्बाचा पत्र?" मी म्हटलं, आवाज येत नाहीये, आणि फोन ठेवला.

१ मार्च

रोजा. चहा नाही, डोकं ठणकतंय. कुणाशी बोलायची इच्छा नाही.

२ मार्च

अम्मी, मी अफनान. मला वाचायला येतं. स्लो वाचते, पण येतं. तू किचनमध्ये असते तेव्हा मी ही वही वाचते. सॉरी. नानांचं पत्र मला पूर्ण पाठ आहे, कंदीलवाला पार्ट पण. किशोरी आंटीने मला विचारलं नाही. तू पण नाही विचारलं.