प्रत्येक कॉर्डचा वेगळा सा

तीर्थरूप बाबा,

फोनवर नमस्कार राहूनच जातो, म्हणून आधी तो.

मी मजेत आहे. पार्सिपनीत थंडी कडक आहे, पण हीटर चालू आहे, काळजी नको. सध्या बेस गिटारवर सोपी जॅझ गाणी शिकतेय, दोन-तीन तारा एकदम छेडून कॉर्ड्स वाजवायच्या. क्लास दुपारी असतो.

तुमच्या गाण्यामागे बारा वर्षं तंबोरा धरला ना, तेच नडतंय. कॉर्ड बदलली तरी माझं बोट खाली तोच सा धरून बसतं. सर वैतागतात, "अबोली, मूव्ह!" इथे प्रत्येक कॉर्डचा सा वेगळा असतो, बाबा.

तुमचं बीपी कसं आहे? गोळ्या चुकवत नाही ना?

दुपारी ऑफिस कसं नाही, हे तुम्ही विचारणारच. नोकरी गेली. दुसरी शोधायला व्हिसावर साठ दिवस मिळतात, त्यातले एकेचाळीस संपले. आईला इतक्यात सांगू नका.

काल पहिल्यांदाच अख्खं गाणं नीट वाजलं. सर खूश झाले. मी मात्र घाबरले, सा इतक्या सहज सुटला म्हणून.

तंबोऱ्याच्या तारा बदलून ठेवाल?

तुमची,
अबोली