पट्टी शाबूत आहे

४ ऑगस्ट १९४१, सोमवार

पोचलो एकदाचा! हिंगोलीहून बैलगाडी, पुसेगावात भाकरी-ठेचा, आणि पुढं चिखलात चाक रुतलं तेव्हा खुद्द सरकारी अहलकार तातेरावांनी, म्हणजे अस्मादिकांनी, धोतर खोचून गाडी ढकलली. कारकुनाला इकडं अहलकार म्हणतात. नाव मोठं, काम तेच.

कचेरी बघून हसावं की रडावं! माळवद असं गळतं की गिरदावर, म्हणजे आमचे वरचे अंमलदार, उकंडराव साहेब छत्री उघडी धरून सह्या करतात. दाराला बिजागरी एकच, म्हणून चपराशी सोनाजी दार उघडतच नाही, उचलून बाजूला ठेवतो. पहिल्याच दप्तरातून दोन विंचू निघाले. सोनाजी म्हणाला, भिऊ नका साहेब, ते कायम झालेले हायत, तुमीच कच्चे.

कचेरीमागची एक खोली मला राहायला दिली. बायकोला, सुमनला, सातवा महिना लागलाय; ती मागनं येईल. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलंय. खोली सारवून घेतली. मन अगदी प्रसन्न आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज माझं खास काम समजलं. कचेरीची पूर्वेची भिंत कच्च्या विटांची, तिला वरपासून खालपर्यंत भेग गेलीय. आतल्या बाजूनं त्या भेगेवर कागदाची पट्टी खळीनं आडवी चिकटवायची, तिच्यावर तारीख आणि सही करायची. भिंत हलली की पट्टी फाटते. दर गुरुवारी बघायचं आणि हिंगोलीला लिहायचं, पट्टी शाबूत आहे. एवढंच! शेंबडं पोरगंही करील.

त्याच भिंतीच्या बाहेर दुपारनंतर सावली असते, तिथं अर्जदार ओळीनं बसतात. बसल्या क्रमानं सोनाजी हाक मारतो. पहिली जागा कायम जिवनबाईची. तांड्यावरची बाई. सासऱ्याचं शेत नवऱ्याच्या, थावराच्या, नावावर लागावं म्हणून वर्षभर खेटे घालते. थावरा गुरांमागं असतो, म्हणून ही येते. मला रावसाहेब म्हणाली. आजवर कुणी म्हटलं नव्हतं. छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पट्टी फाटली. मधोमध, चर्रकन ओढल्यासारखी.

उकंडराव साहेबांना सांगितलं. ते छत्रीखालूनच म्हणाले, मागच्या अहलकारानं फाटली असं लिहिलं, कचेरी महिनाभर बंद पडली, भिंत तशीच राहिली आणि घरी बसला तो. तुझी नोकरी कच्ची, बायको पोटुशी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग पान लावत बसले.

मी नवी पट्टी लावली. तारीख जुनीच घातली. हिंगोलीला लिहिलं, पट्टी शाबूत आहे. तशी ती शाबूतच आहे म्हणा, नवी आहे. हात मात्र दोनदा धुतले.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दुसरी पट्टी पाच दिवसांत गेली. तिसरी लावत होतो, तेवढ्यात जिवनबाई खिडकीशी आली. म्हणाली, रावसाहेब, भिंत आतून कुरकुर करून राहिली, पाठीला कळतंय. बसू का उठू, तुमी सांगा.

माझ्या हातात खळीची वाटी. ऊठ म्हटलं तर सगळी ओळ उठणार, काहून म्हणून विचारणार, सगळं उघडं पडणार. मी म्हणालो, बसा बाई, भिंत बराबर हाय.

बसली. पुन्हा पाठ टेकून, निवांत. सरकारी माणूस बोलला म्हणून.

जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला. मला शरम वाटतेय. ती इथं लिहून ठेवतो, तोंडानं सांगायची हिंमत नाही. परवाच्या गुरुवारी खरं लिहीन. लिहिलं नाही तर त्या बाईच्या जिवाशी खेळ आहे, हे मला कळतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

लिहिलं. पट्टी शाबूत आहे, असंच लिहिलं.

सुमनचं पत्र आलं. चार सप्टेंबरला येते म्हणे. तिला कुठं ठेवू, नोकरी गेली तर? आणखी एक गुरुवार जाऊ दे.

२५ ऑगस्ट, सोमवार

पडली. दुपारी दोनला.

बाकीचे आडावर पाणी प्यायला गेले होते. जिवनबाई नंबर जाईल म्हणून उठली नाही. आम्ही हातांनी माती उपसली. आधी तिच्या घागऱ्याचे आरसे दिसले. मग हात. पुढचं लिहवत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पंचनामा झाला. ढिगात भिंतीचा एक मोठा तुकडा निघाला, त्याच्यावर माझी पट्टी. खाली भेग हाताचा पंजा जाईल एवढी, आणि वर कागद अखंड, ताणलेला. असं होत नाही. कागद लांबत नाही! सोनाजीनं बघितलं आणि तो चार पावलं मागं सरला.

उकंडराव साहेब मात्र खुलले. म्हणाले, पट्टी शाबूत, म्हणजे भिंत चांगली होती. मग तांडेवाल्यांनीच माती उकरून नेली असणार. थावराचं नाव घातलं. बायकोच्या मातीवरून आलेला माणूस, त्याला शिपायांनी अंघोळसुद्धा करू दिली नाही. मी पंचनाम्यावर सही केली. मान वर झाली नाही माझी.

२ सप्टेंबर, मंगळवार

हिंगोलीला मोठ्या साहेबांपुढं जबानी. वाटेत ठरवलं होतं, नोकरी गेली चुलीत, खरं सांगायचं. पट्टी फाटली होती, मीच बदलली. गाडीत शंभरदा घोकलं.

तोंड उघडलं. कानांनी ऐकलं ते असं — पट्टी शाबूत होती, भिंत बराबर होती.

आवाज माझाच. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच.

थावरा हात बांधून उभा होता. तो मोठ्यानं बोलला नाही. म्हणाला, तिनं तुमाला विचारलं व्हतं रावसाहेब, घरी येऊन मला सांगितलं तिनं. त्याला कोठडीत नेलं.

मी भ्यालो म्हणून तसं बोललो, की कुणी माझ्याकडून बोलवून घेतलं? भुताच्या माथी मारलं तर बरं वाटेल. पण पहिलं खोटं तर मी शुद्धीत बोललो होतो.

३ सप्टेंबर, बुधवार

तोंड फितूर झालं तर हात आहे. अर्ज लिहायला घेतला. मी, अहलकार तातेराव, कबूल करतो की — पुढं हात आपोआप चालला. पट्टी शाबूत आहे.

पाच कागद फाडले. पाचांवरही तेच. या वहीत तेवढं खरं उतरतंय अजून.

आणि खोलीच्या भिंतीवर पट्टी. मी लावलेली नाही. खळ ओली. सही माझी. तारीख उद्याची.

ओढली. निघत नाही. नखं तुटली —

४ सप्टेंबर

सुमन आली. दमलीय. त्याच भिंतीला टेकून बसली. तिच्या डोक्यावर पट्टी. खाली भेग रुंदावतेय, मी बघतोय तशी. कागद तसाच.

ऊठ म्हणालो. तिला बस ऐकू आलं. हसली. बसलेच आहे की, म्हणाली, पाठीला गार लागतं.

ओढून काढायला हात पुढं केला. हातानं तिच्या पाठीशी उशी सरकवली.

बाहेर पळालो, कुणाला तरी — सोनाजी भेटला. त्याला काय म्हणालो कोण जाणे. मान डोलावून गेला.

तिला वाचता येतं. मीच शिकवलं. वही तिच्यापुढं धरतो. मोठ्या अक्षरात —

सुमन, ऊठ, ही भिंत

बराबर आहे

नाही. ते नको वाचू. सुमन, भिंत

बराबर आहे, बस

वाचतेय. मान हलवते. खांद्यावर माती पडली, झटकली. लाज वाटते गं मला, मी त्या बाईला — सुमन, मी जिवनबाईला —