रोजची सही रोज

२८ जानेवारी २०२५, मंगळवार

पोचले एकदाची! चिपळूणहून पुणे, पुण्याहून भिगवण, आणि भिगवणच्या फाट्यावर मुक्कामाच्या घराचे मालक हिंदुराव स्वतः जीप घेऊन उभे. माणूस साठीचा, अंगानं दणकट, बोलणं मऊ. डाळजच्या अलीकडे आत वळलो, दोन्ही बाजूंना ऊस, मग एकदम धरणाचं पाणी. त्या पाण्याच्या काठावर ही चिंचबनाची वस्ती. वस्ती म्हणजे एकच घर आणि त्यामागे पाहुण्यांच्या दोन खोल्या. माझ्या खोलीतून पाणी दिसतं. अजून काय पाहिजे!

लेकीला, प्रतिक्षाला, पोचल्याचा फोन केला. उशीर झाला असता तर तिनं पोलीसच धाडले असते. वीस फेब्रुवारी तिची तारीख. एकदा बाळ आलं की वर्षभर मला डिंकाच्या लाडवांतून डोकं वर काढता यायचं नाही, म्हणून म्हटलं, आधी रोहित पक्षी बघून येते. रविवारी निघणार, सोमवारी तिच्याजवळ. बाईसाहेबांनी मला सूचनांचा कागदच दिलाय. एकटीनं फिरू नकोस, अंधार पडायच्या आत परत ये, आधारकार्डाची झेरॉक्स ठेव. कारण या वस्तीच्या वाटेचं नाव वाईट आहे. बारा वर्षांपूर्वी एका पर्यटकाला बाभळीच्या वळणावर अडवून लुटलं आणि मारलं. मोबाईलवर ती बातमी अजून फिरते.

हिंदुरावांनी काही लपवलं नाही. तो पाहुणा यांच्याच घरून सकाळी निघाला होता. त्यानंतर यांच्या आईनं धरणात देऊळ बुडालेल्या देवीला नवस केला आणि एक वही सुरू केली. पाहुण्यानं रोज दिवेलागणीला स्वतःच्या हातानं ‘मी सुखरूप आहे’ लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. ती ओळ आहे तोवर पाहुण्याला कशाचीच बाधा नाही. फक्त रोजची सही रोज करायची, उद्याची आज करायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी हसले. पंचायत समितीत तीस वर्षं मस्टर सांभाळलंय मी, मला सही शिकवतात!

२९ जानेवारी

पाण्यावर शेकडो रोहित. एकदम उडाले तेव्हा पंखांतला लाल रंग दिसला आणि मला चक्क रडू आलं. वय झालं, दुसरं काय.

होडीत सोबतीला अक्काबाई होती. काल ओट्यावर लसूण सोलत बसली होती, मला वाटलं हिंदुरावांची कुणी आत्या-मावशी असेल. गाव कुठलं विचारलं तर गोड हसून म्हणाली, मी सुखरूप आहे. मुलंबाळं किती विचारलं, तरी तेच. डोक्यावर परिणाम झालेला दिसतो बिचारीच्या. घरी येऊन प्रयागबाईंना, म्हणजे हिंदुरावांच्या बायकोला, विचारलं तर त्यांनी भाकरी थापता थापता विषय बदलला.

रात्री चिलापीचं कालवण. आम्हा कोकणातल्यांना गोड्या पाण्याचा मासा म्हणजे नाइलाज, पण वाटण झकास होतं.

३० जानेवारी

आज मात्र वैताग आला. सूर्य बुडता बुडता चित्रबलाकांचा थवा उतरत होता आणि हिंदुराव बांधावरून हाका मारत आले, सही राहिली म्हणून. सोडून यावं लागलं. आल्यावर मी जरा फटकळपणेच बोलले.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज युक्ती केली. दुपारी घरात कुणी नव्हतं. भिंतीतल्या देवळीतली वही काढली आणि आजची, उद्याची, परवाची अशा तीन सह्या एका बैठकीत ठोकल्या. ऑफिसात काय वेगळं करत होतो? दिवाळीच्या आधी अख्ख्या आठवड्याचं मस्टर भरून गावी जायचो. कुणाचं काही बिघडलं नाही.

संध्याकाळी निवांत पाण्यावर बसले. परत आले तेव्हा हिंदुराव वही मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. प्रयागबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. एवढं काय आभाळ कोसळलं, कळत नाही.

१ फेब्रुवारी

नीट लिहिते.

सकाळी वही उघडली. मी सह्या केल्या तीन. वहीत माझी सही तीन तारखेची आहे, चारची आहे, पाचची आहे. पुढच्या पानावर आहे. त्याच्या पुढच्याही. शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत दर तारखेला ‘मी सुखरूप आहे’ आणि खाली शालन शिर्के, श ला मी देते तोच वळसा देऊन.

मागची पानं चाळली. माझ्या आधी दर दिवशी एक नाव आहेच, सही ठोकताना मी ते कधी वाचलंच नव्हतं. अक्काबाई साहेबराव वाघमारे, वर्धा. देवळीत जुन्या वह्या होत्या, त्यांतही तीच. पहिली सही १४ डिसेंबर २०१७. ती यांची आत्या नाही, मावशी नाही. ती पाहुणी आहे.

हिंदुरावांना धरून विचारलं. म्हणाले, “तिनं बी पुढची सही केली व्हती, ताई. सकाळची गाडी चुकंल म्हनून. वही जाळली मी, दोनदा. सकाळी देवळीत हाय तशी.”

मी ओरडले, मग मला आधी नीट का नाही सांगितलं?

“सांगितलं असतं, तर मुक्कामाला कोन राह्यलं असतं? आधीच वाटंचं नाव खराब.”

वरून म्हणाले, तुम्हाला आता कसलंच भय न्हाय, भय बाभळीच्या पलीकडं. आणि स्वतःच रडले. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

२ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच जीपमध्ये बसले. ऊस मागे पडला, बाभळीचं वळण दिसलं — आणि मी ओट्यावर. बॅग मांडीवर घेऊन. जीप रिकामी परत आली.

पुन्हा निघाले. पुन्हा ओटा. तिसऱ्यांदा चालत गेले. बाभूळ हाताच्या अंतरावर होती.

ओटा.

अक्काबाई लसूण सोलत होती. तिनं शेजारी जागा करून दिली.

३ फेब्रुवारी

प्रतिक्षाचा फोन. कधी निघतेस? मला म्हणायचं होतं, तुझ्या नवऱ्याला, समर्थला पाठव, मला इथून काढ. तोंडातून आलं, मी सुखरूप आहे. तीन वेळा. ती आधी हसली, मग चिडली.

मेसेज लिहायला घेतला. बोटं दुसरं काही लिहीत नाहीत. या डायरीत मात्र अजून लिहिता येतंय. अजून.

९ फेब्रुवारी

समर्थ, माझा जावई, गाडी घेऊन आला होता. समोर बसून हात जोडले पोरानं. म्हणाला, आई, ती रोज तुमची वाट बघते, तिची आई म्हणून तुम्हीच हव्यात. मी त्याचा हात घट्ट धरला. रडता येईना, उठता येईना. तेच एक वाक्य, तेही हसऱ्या तोंडानं. त्यानं वही पाहिली, माझं अक्षर पाहिलं.

“ठीक आहे. तुमची मर्जी,” म्हणाला. गेला.

बाभळीपलीकडे धूळ दिसत होती बराच वेळ.

१५ फेब्रुवारी

आल्यापासून नखं कापली नाहीत. वाढलीच नाहीत. विळीवर बोट कापलं, रक्त नाही. भूकही — प्रयागबाई ताट वाढतात, मी बसते. सवय म्हणून.

अक्काबाईनं आज माझे केस विंचरले. एकही केस गळला नाही.

२१ फेब्रुवारी

प्रतिक्षाचा मेसेज. मुलगी झाली काल. तुला कळवायचं नव्हतं, समर्थ म्हणाला कळव.

नात. मला नात झाली.

लिहिलं — माझं बाळ, मला माफ कर, मी येऊ शकत नाही गं, मला — सगळं मनात लिहिलं. गेलं एवढंच, मी सुखरूप आहे.

तिनं वाचलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

६ मार्च

फोन येत नाही आता. बारसं झालं असेल. नाव काय ठेवलं —

कोण सांगणार.

८ मार्च

नवी पाहुणी. पायल. एकटी आहे, प्रतिक्षाएवढी. हातात सूचनांचा कागद. होडीत मला सोबतीला धाडलं. तिनं विचारलं, काकू, इथं भीती नाही ना? मी सांगितलं. दुसरं काय सांगणार. पोरगी निर्धास्त झाली. आईला फोन करून म्हणाली, इथं एक गोड काकू आहेत.

हिंदुरावांनी तिलाही दोनदा बजावलं. तेवढंच. तीही हसली.

९ मार्च

परवा तिला निघायचंय. दुपारी वही घेऊन बसली होती. पेनाचं टोपण उघडलं, पान पुढचं —

फोन आला म्हणून उठली.

पुन्हा बसेल.

याच डायरीचं पान फाडून तिच्या उशाशी ठेवते. इथं अजून मला लिहिता येतं. पटकन —

पायल, बाळा, उद्याची सही आज करू नकोस. रोजची रोज कर आणि सकाळी नीघ. माझ्या लेकीचं नाव प्रतिक्षा, चिपळूणला असते, तिला सांग तुझी आई मुद्दाम नाही — तिला सांग मी इथं — मी — मी सुखरू