वीज विधेयक आणि माझं निर्णायक मत

२ मार्च, सकाळ

पेपरात आलं एकदाचं. वीजनिर्मिती व दर विधेयकावर सभागृह बरोब्बर मधोमध फुटलंय. सेक्रेटरीने (दोन टर्म माझ्याकडे आहे, तोंड कायम कारलं खाल्ल्यासारखं) बोटं दुमडत हिशेब सांगितला. सत्ताधारी एका बाजूला, विरोधक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये अपक्ष मी. एकटा. मी विरोधात गेलो तर मतं समसमान. आणि मतं समसमान झाली की अध्यक्ष जुनी व्यवस्था राखतात, अशी आमच्या सभागृहाची रीत. म्हणजे विधेयक आडवं.

चहा गार झाला. बसवतच नव्हतं. खिडकी ते दार, दार ते खिडकी. बायको म्हणाली, चालायचंच आहे तर येताना दूध तरी आणा.

संकल्प: विधेयक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. पेन्सिल घेऊन.

२ मार्च, दुपार

चार पानं वाचली. पाचव्यावर ‘स्थिर आकार’ लागला आणि मी अस्थिर झालो. पण सार कळलं. नवी वीजकेंद्रं बांधायची, आणि ती उभी राहण्याआधीच त्यांचा खर्च कारखान्यांच्या बिलात लावायचा. वीज उद्या, पैसे आज. उरलेलं सेक्रेटरी वाचेल. नेत्याने तपशिलात अडकू नये.

३ मार्च

ताईचा फोन. थोरली बहीण. तिचा बर्फाचा कारखाना आहे. तिने विधेयक सगळं वाचलंय! म्हणाली, बाबा रे, माझा कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतो. दर वाढला म्हणून चार तास बंद ठेवते म्हटलं तर टाकीतल्या बर्फाच्या सगळ्या लाद्या वितळतात. हे पास झालं की मी पावसाळ्याच्या आत कुलूप लावणार. अकरा माणसं आहेत माझ्याकडे. तू विरोधात मत दे, बाकी मला काही नको.

मी म्हटलं, ताई, तू निर्धास्त राहा. भाऊ बसलाय इथे.

तिच्या टेम्पोतून मी पहिली निवडणूक लढलो. बर्फाचं पाणी ठिबकत असायचं आणि मी वर उभा राहून भाषण ठोकायचो. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही. मत विरोधातच जाणार. ठरलं.

फक्त आत्ताच सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मतही देऊ, आणि देता देता एखादी जबाबदारीची खुर्चीही पदरात पाडून घेऊ. दुहेरी फायदा.

५ मार्च

मूठ झाकलेली आहे. सत्ताधाऱ्यांच्या प्रतोदाने जिन्यात गाठून विचारलं, काय ठरलं? मी नुसता हसलो. विरोधकांच्या प्रतोदाने कँटीनमध्ये विचारलं. तिथेही हसलो. बायको म्हणते, असं हसत हिंडू नका, लोकांना वाटेल दात दाखवायला निघालाय.

तिला राजकारण कळत नाही.

८ मार्च

अस्वस्थ. तीन दिवस कुणी विचारलं नाही. फोन चालू आहे का ते बघायला स्वतःच बायकोच्या फोनवरून मिसकॉल दिला. चालू आहे.

मूठ जरा जास्तच झाकली बहुतेक. सत्ताधाऱ्यांच्या बाकांजवळून जाताना, देशाला वीज हवीच हो, असं मोठ्याने म्हणालो. विरोधकांच्या बाकांजवळ, छोट्या कारखानदाराचं काय, असा उसासा टाकला. दोन्हीकडे माना वळल्या. तब्येत सुधारली.

९ मार्च

आज मोठा दिवस! सत्ताधाऱ्यांपैकी एक जण भेटायला आला. आम्ही त्याला ‘ढेकर’ म्हणतो, कारण भाषणाच्या आधी त्याला तो येतोच. मतदानाच्या दिवशी त्याच्या मुलीचा साखरपुडा. जोडी लावता का, म्हणाला. जोडी म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. एका बाजूच्या माणसाला रजा हवी असली की त्याने दुसऱ्या बाजूचा एक गाठायचा. दोघांनीही मत द्यायचं नाही, तोल राहतो. सगळा कारभार तोंडी शब्दावर. शब्द मोडला की तो माणूस संपला.

त्याने माझा छोट्या कारखानदारांसाठीचा उसासा ऐकला होता. म्हणजे त्याच्या लेखी मी विरोधक. मी म्हटलं, लेकीचं कार्य आहे, जा खुशाल. त्याचे डोळे भरून आले. केवढा मोठा माणूस आहे मी!

ताईला कळवायची गरज नाही. उगाच काळजी करत बसेल.

१० मार्च, सकाळ

रात्रभर कूस बदलत होतो. जोडी लावली म्हणजे माझं मत गेलं की! हे काल कसं सुचलं नाही?

१० मार्च, संध्याकाळ

नशीब बघा. विरोधकांमधली डॉक्टरीणबाई आली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच दिवशी. देशाला वीज हवीच, हे माझं वाक्य तिच्या कानावर पडलेलं, म्हणून ती मला सत्ताधाऱ्यांतलाच धरून चालली होती. जोडी लावाल का? मी क्षणात हो म्हटलं.

गणित साधं आहे. एक जोडी या बाजूची, एक त्या बाजूची. दोन्ही एकमेकींना छेदतात. उरलो मी, मोकळा! आता बेलाशक विरोधात मत देणार. सेक्रेटरीला सांगितलं तर त्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. म्हणाला, साहेब, एक माणूस दोघांबरोबर जोडी लावत नाही. मी म्हटलं, आजवर कुणाला सुचलं नसेल.

१४ मार्च

भाषण लिहिलं. पाठ केलं. बाथरूममध्ये फारच उत्तम झालं. ताईचा फोन आला, तिलाही सुरुवात ऐकवली. ती म्हणाली, भाषण राहू दे, बटण दाबायला विसरू नकोस. हसलो दोघंही.

१६ मार्च, मतदानानंतर

लिहायला मन होत नाही. पण लिहितो.

आमच्याकडे मतदानाआधी जोड्या मोठ्याने वाचल्या जातात. सभागृहाच्या सचिवांनी वाचलं, ढेकर (खऱ्या नावाने) आणि मी. पुढच्याच ओळीत, डॉक्टरीणबाई आणि मी. सचिव थांबले. परत वाचलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं, आणि मग सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

उभा राहून गणित समजावून सांगायला लागलो. दोन्ही प्रतोद एकदम उठले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. विरोधात मत दिलं तर ढेकराचा विश्वासघात, बाजूने दिलं तर डॉक्टरीणबाईचा. अध्यक्ष म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं. बसलो.

बाजूने एकसष्ट. विरोधात साठ.

म्हणजे मी म्हणत होतो ते अक्षरशः खरं होतं. सगळं माझ्याच मतावर होतं. हे सांगायचं कुणाला?

१६ मार्च, नंतर

ताईचा फोन. जोडीची रीत, तिची परंपरा, शब्दाचं महत्त्व, सगळं सविस्तर सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, म्हणजे तू आतच होतास? मी म्हटलं, हो. बसून होतास? हो. बरं, म्हणाली. जेवलास का?

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल

चांगली बातमी. मतदानात तटस्थ राहिल्याबद्दल सत्ताधाऱ्यांनी कदर केली. ‘छोट्या उद्योगांच्या अडचणी जाणून घेणारी समिती’, अध्यक्ष मी! उंच पाठीची खुर्ची, दारावर पाटी. शेवटी खुर्ची आलीच. इथून ताईचा प्रश्न मुळापासून सोडवणार. कॉम्प्रेसरसाठी खास सवलत. संकल्प पक्का. बायकोने आज दूध स्वतःच आणलं.

२३ एप्रिल

समितीची पहिली बैठक. उद्योजकांना बोलावलं होतं. तिसरी आली ती ताई. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सेक्रेटरीला माहीत होतं, असं आता वाटतं.

तिने थोडक्यात सांगितलं. कारखाना बंद केला. कॉम्प्रेसर भंगारात गेला, कारण कुणी चालता घ्यायला तयार नव्हतं. अकरापैकी चौघांना दुसरीकडे काम मिळालं. सवलत आता नको, गार करायला काही राहिलंच नाही. बोलावलं होतं म्हणून आले.

मी सवलतीचा कागद काढला होता, तो फायलीखाली सरकवला.

एका सदस्याने कळवळून विचारलं, बाई, मतदानाच्या वेळी सभागृहात तुमचं म्हणणं मांडणारं कुणीच नव्हतं का?

ताई सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, नाही. कुणी नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. समितीच्या अध्यक्षाने, म्हणजे मी, सांगितल्याशिवाय साक्ष कागदावर चढत नाही. मी म्हटलं, नोंद घ्या.

घेतली.